कित्ता आणि चित्र

मराठींत 'कित्ता' हा शब्द मोठ्या मानाचा आहे. अमक्याचा कित्ता गिरवावा असें आपण म्हणतों, तेव्हां त्या माणसाची थोरवीच गात असतों. धूळपाटीवर पंतोजींनीं घालून दिलेल्या अक्षरावरून बोट फिरवीत आपल्या कित्येक पिढ्या लिहावयास शिकल्या. आपण परक्याचें वळण उचलीत आहों अशी लाज त्यांतील कोणासही वाटली नाहीं. परंतु हीच गोष्ट चित्रकलेच्या अंगणांत आली कीं आपला सूर पालटतो. तेथें कित्त्याची 'नक्कल' होते, आणि ती करणारा कलावंतांच्या पंक्तींतून उठविला जातो. अक्षराच्या बाबतींत जें शिक्षण, तें रेषेच्या बाबतींत दास्य कां ठरावें, ह्या प्रश्नाचा विचार तत्त्वांच्या उंचीवरून पुष्कळदां झालेला आहे. मला तो एका चित्राच्या आधारानें, आणि तेंही तें चित्र स्वतःच्या हातानें उतरून पाहिल्यावर, करावयाचा आहे.

तें चित्र म्हणजे झाक लुई दाव्हिद ह्या फ्रेंच चित्रकाराचें 'होराती बंधूंची शपथ'. १७८४ सालीं रोममध्यें रंगविलेलें आणि १७८५ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडलेलें हें तैलचित्र आज लूव्ह्र संग्रहालयांत आहे. त्याची उंची ३३० आणि रुंदी ४२५ सेंटिमीटर. ग्रीक व रोमन शिल्पाचा आदर्श पुढें ठेवून इतिहासांतील प्रसंग रंगविण्याची जी रीति अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांत रूढ झाली, आणि जिला नवअभिजात असें नांव आहे, तिचा हें चित्र म्हणजे जणूं ध्वजच. तैलरंग शिकूं पाहणाऱ्यानें ह्याच चित्राचा कित्ता घ्यावा ह्याला कारण आहे. ह्यांत धूसर असें कांहींच नाहीं. बाह्यरेषा स्वच्छ, आकृति मोजक्या, प्रकाश एकाच बाजूचा, पार्श्वभूमि जवळजवळ रिकामी. चूक झाली तर ती लपवावयास येथें झाडी नाहीं कीं ढग नाहींत.

हें काम मीं शिरोड्यास केलें. साहित्याच्या वाचकांस हें गांव वि. स. खांडेकरांनीं १९२० पासून १९३८ पर्यंत येथें शिक्षकी केली म्हणून ठाऊक आहे, आणि इतिहासाच्या वाचकांस १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळें. ह्या दुसऱ्या गोष्टीकडे मला शेवटीं परत यावयाचें आहे. माझ्यापुढें मूळ चित्र अर्थातच नव्हतें. त्याचा एक चांगला रंगीत छाप होता, आणि मूळच्या दशमांश मापाचें, म्हणजे ३३ सेंटिमीटर उंच व साडेबेचाळीस सेंटिमीटर रुंद असें, ताणून बसविलेलें कापड होतें. दशमांश माप सोयीचें दिसतें. पण त्याचा हिशोब निर्दय असतो. माझ्या कापडावर रेघ एक मिलिमीटर चुकली कीं मूळ चित्रावर ती एक सेंटिमीटर चुकल्यासारखी होते. आणि क्षेत्रफळानें पाहतां माझें सारें चित्र दाव्हिदच्या चित्राचा शंभरावा हिस्सा.

चित्राची कथा थोडक्यांत सांगितली पाहिजे. रोम आणि आल्बा ह्या दोन नगरांचें वैर मिटविण्यासाठीं दोहोंकडून तीन तीन भावांनीं लढावें असें ठरलें. रोमकडून होराती आणि आल्बाकडून क्युरिआती. परंतु दोन्ही घरें सोयरिकीनें बांधलेलीं होतीं. क्युरिआतींची बहीण साबिना ही होरातींच्या घरची सून, आणि होरातींची बहीण कामिला हिचें लग्न एका क्युरिआतीशीं ठरलेलें. लढाईंत एकच होराती जिवंत उरला; तो विजयी होऊन घरीं आला, आणि आपल्या वाग्दत्त वरासाठीं रडणाऱ्या बहिणीस त्यानें ठार मारिलें. ही कथा लिव्हीच्या इतिहासांत आहे आणि कोर्नेयच्या नाटकांतही आहे. परंतु दाव्हिदनें रंगविलेली शपथ मात्र दोहोंतही नाहीं. बाप तीन तरवारी उंच धरून उभा आहे आणि तीन मुलगे हात पुढें करून शपथ घेत आहेत, हा प्रसंग चित्रकारानें स्वतःच रचिला. ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कारण कित्ता गिरविणारास जें आयतें मिळतें, तें मूळ कर्त्यास शोधून काढावें लागलें होतें.

छापावर आणि कापडावर सारख्याच चौकटी आखून मीं रेखनास आरंभ केला, आणि पहिल्या आठवड्यांतच माझी फजिती झाली. हें चित्र मी कित्येक वर्षें पाहत आलों होतों. तें मला पाठ आहे असा माझा समज होता. चौकटी आखल्यावर कळलें कीं मीं तें पाहिलेंच नव्हतें. मागें तीन कमानी आहेत, आणि प्रत्येक कमानीपुढें एक समूह आहे: डावीकडे भाऊ, मध्यें बाप, उजवीकडे स्त्रिया. फरशीच्या रेघा मागें वाढवीत नेल्या तर त्या तरवारी धरलेल्या मुठीपाशीं एकवटतात. म्हणजे प्रेक्षकाची नजर त्या मुठीकडे जाते ती कथेमुळें नव्हे, फरशीमुळें. पुरुषांच्या आकृति सरळ रेषांनीं बांधलेल्या आहेत. पाय ताठ, हात ताठ, आणि एका भावाचा हात दुसऱ्याच्या कमरेस असा वेढलेला कीं तिघांचें मिळून एकच शरीर व्हावें. स्त्रियांच्या बाजूस सरळ रेषा बहुधा सांपडतच नाहीं. हे सारें एखाद्या पुस्तकांत वाचावयास मिळालें असतें, हें मला मान्य आहे. पण वाचलेली गोष्ट आपण मान डोलवून सोडून देतों. हातानें चुकलेली गोष्ट विसरतां येत नाहीं.

रेखनानंतर रंग. येथें छापाच्या मर्यादा उघड्या पडल्या. छाप रंगाची छटा सांगतो, पण ती कोणत्या थरावर कोणता थर चढवून आली तें सांगत नाहीं. तैलरंगाचें सारें शास्त्र तर त्या थरांतच आहे. जवसाचें तेल पाण्याप्रमाणें उडून वाळत नाहीं. तें हवेंतला प्राणवायु शोषून घट्ट होतें. म्हणून खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा अधिक तेलाचा असावा लागतो. हा क्रम उलटला तर वरचा थर आधीं वाळतो आणि मागाहून तडकतो. कोंकणांतला पावसाळा ह्या शास्त्राची कठोर परीक्षा घेतो. आषाढांत दमट आणि अंधाऱ्या खोलींत ठेवलेला काळा रंग दिवसेंदिवस बोटाला लागत असतो. अंबरसारखे मातीचे रंग मात्र त्यांतील मंगल धातूच्या अंशामुळें लौकर वाळतात. म्हणून छायेचा पहिला थर मीं अंबरानेंच घातला. अंधारांत तेल पिवळें पडतें, आणि उजेडांत आणून ठेवलें कीं तो पिवळेपणा पुष्कळसा निघून जातो, हेंही मला त्याच पावसाळ्यानें शिकविलें. भाद्रपदांत ऊन पडलें तेव्हां माझ्या चित्रांतील भिंत, मीं कांहीं न करतां, उजळली!

दाव्हिदच्या रंगयोजनेचें मर्मही ह्या कामांत थोडेंसें उमगलें. छापाकडे सहज पाहणारास बापाचा तांबडा झगा तेवढा आठवतो. तो रंगवितांना माझ्या ध्यानांत आलें कीं तो तांबडा रंग मुळांत फारसा भडक नाहीं. त्याच्या भोवतालीं सर्वत्र जो करडा आणि मातकट रंग आहे, त्यानें त्याला भडक केलें आहे. मीं प्रथम झग्यांत अधिक तांबडा ओतला, आणि सारें चित्र एखाद्या दुकानाच्या पाटीसारखें दिसूं लागलें. भिंत दबविली तेव्हां झगा आपोआप पेटला. संयम हा नवअभिजात रीतीचा केवळ नैतिक बाणा नसून ती रंगाची एक युक्ति आहे, हें मला ह्या एका झग्यानें पटविलें.

परंतु ह्या चित्रानें मला जें सर्वांत मोठें शिकविलें, तें उजव्या कोपऱ्यांत होतें. तेथल्या स्त्रियांकडे मी शेवटीं वळलों, आणि घाईनें वळलों. चित्राचा विषय शपथ. शपथ घेणारे पुरुष. तेव्हां स्त्रिया म्हणजे जागा भरण्यासाठीं घातलेली करुणेची फोडणी, असें मी मनांत धरून चाललों होतों. त्याचें फळ असें झालें कीं माझ्या चित्रांत उजवीकडे माणसांऐवजीं कापडाचीं बोचकीं आलीं. सुरीनें तो सारा भाग खरवडून काढावा लागला. दुसऱ्या खेपेस मीं चौकटींचीं आणखी चौकटी पाडलीं आणि एक एक हात, एक एक मस्तक मोजून उतरूं लागलों. तेव्हां दिसलें कीं दाव्हिदनें ह्या कोपऱ्यावर पुरुषांइतकेच कष्ट घेतले आहेत. प्रकाश डावीकडून येतो, पण तो बापापाशीं थांबत नाहीं. कामिलेच्या पांढऱ्या वस्त्रावर तो पुन्हा भरपूर पडतो. एकमेकींवर कललेलीं मस्तकें, गळून पडलेले हात, ह्यांची बांधणी भावांच्या ताठ हातांना दिलेलें उत्तर आहे. आणि त्यांच्या मागें, काळोख्या वस्त्रांतील एका वृद्धेनें दोन मुलांना पोटाशीं धरिलें आहे. ती मोठ्या मुलाचे डोळे झांकूं पाहते. पण त्या मुलानें तिच्या बोटांच्या फटींतून पुरुषांकडे नजर लाविली आहे. माझ्या मापांत तें तोंड नखाएवढें होतें. तें उतरावयास मला जेवढे दिवस लागले, तेवढे तिन्ही भावांना मिळूनही लागले नव्हते.

हें चित्र देशासाठीं सर्वस्व अर्पण करण्याचा गौरव आहे, असेंच बहुधा सांगितलें जातें. राज्यक्रांतीच्या चार वर्षें आधींचें हें चित्र, आणि तें रंगविणारा दाव्हिद पुढें १७९३ सालीं राजाच्या देहान्ताच्या बाजूनें मत देणारा. तेव्हां मागाहून पाहणारांना त्यांत क्रांतीचें रणशिंग ऐकूं यावें ह्यांत नवल नाहीं. परंतु हें चित्र त्याच राजाच्या सरकारनें सांगून करविलें होतें, ही गोष्ट त्या अर्थाला थोडा पायबंद घालते. त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. शपथेचा प्रसंग सुचण्यापूर्वीं दाव्हिदनें ह्याच कथेंतील वेगळा प्रसंग रेखून पाहिला होता: बहिणीला मारून आलेल्या मुलाचा बाप लोकांसमोर बचाव करीत आहे. म्हणजे कामिलेचें प्रेत त्याच्या कल्पनेंत शपथेच्या आधीं आलेलें होतें. मग उजव्या कोपऱ्यांतील पांढरें वस्त्र केवळ दुःखाचें कसें म्हणावें? डावीकडचे भाऊ जें करणार आहेत त्याची किंमत चित्रकारानें त्याच चौकटींत, त्याच प्रकाशांत, उजवीकडे मांडून ठेविली आहे. शपथ खोटी आहे असें तो म्हणत नाहीं. ती फुकट नाहीं, एवढेंच म्हणतो. माझ्या मतें हेंच ह्या चित्राचें मोठेपण. आणि अर्धें चित्र उतरून थांबणाराच्या हातीं तें कधींच लागणार नाहीं.

येथें नक्कल आणि कित्ता ह्यांतला भेद मला सांपडतो. नक्कल करणारा चित्राचा चेहरा घेतो. कित्ता गिरविणारा त्यांतले निर्णय घेतो. ही रेघ येथेंच कां, हा रंग दबलेला कां, हें माणूस येथें कां बसविलें, असे प्रश्न ज्याच्या हाताला पडत नाहींत, त्यानें शंभर चित्रें उतरलीं तरी तो छापखान्याहून पुढें गेला असें म्हणतां येणार नाहीं. दाव्हिदची स्वतःची घडणही अशा गिरवण्यानेंच झाली होती. रोमला तो शिकावयास गेला तेव्हां १७७९ सालीं त्यानें व्हालांतँ ह्या जुन्या चित्रकाराच्या 'अखेरचें भोजन' ह्या चित्राची प्रत केली. 'शपथ' रंगवितांना त्याचा शिष्य द्रुए त्याच्या हाताखालीं होता. आणि १७८६ सालीं ह्याच चित्राची जी लहान प्रत झाली, व जी आज अमेरिकेंत टोलेडो येथील संग्रहालयांत आहे, तिच्यांत गिरोदे ह्या दुसऱ्या शिष्याचा हात पुष्कळ असल्याचें जाणते मानतात. हा गिरोदे पुढें गुरूच्या वाटेनें गेला नाहीं. त्याच्या चित्रांत चांदणें आणि धुकें आलें. गुरूचें चित्र गिरविल्यानें त्याचें व्यक्तित्व बुडालें नाहीं. आपण कोठें वेगळे आहों हें त्याला बहुधा तेथेंच कळलें असावें.

आपल्याकडे ह्या पद्धतीचा इतिहास मिश्र आहे. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ सालीं निघाली, आणि तेथें विद्यार्थ्यांचे हात ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिमांवर घटविले गेले. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० सालीं ह्या शाळेंत आले आणि 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' हें त्यांचें पुस्तक १९४० सालीं निघालें. मोठे ऐतिहासिक प्रसंग अनेक आकृतींनीं बांधण्याचें त्यांचें सामर्थ्य त्या घटविण्यांतून आलें, हें नाकारतां येणार नाहीं. ह्याच शाळेच्या ग्रिफिथ्स ह्यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करविल्या. त्यांतल्या पुष्कळ प्रती १८८५ सालीं लंडनमध्यें आगींत गेल्या. त्यांच्या आधीं रॉबर्ट गिल ह्यांनीं केलेल्या बहुतेक प्रतींची १८६६ सालीं तीच गत झाली होती. प्रती जळल्या, पण त्या करणाऱ्या तरुणांच्या हातांत अजिंठ्याची रेषा उतरली ती काय जळली? शिक्षणाचा खरा ठेवा कापडावर नसून हातांत असतो, ह्याचें ह्याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाहीं.

आणि ही रीति केवळ साहेबानें आणली असेंही नव्हे. शिरोड्यापासून जवळच सावंतवाडीस गंजिफा रंगवितात. दशावतारी गंजिफेचीं पानें एकशेंवीस. दहा अवतारांचीं बारा बारा. तो ठराविक राजा आणि तो ठराविक प्रधान पुन्हा पुन्हा गिरविल्यावांचून हात बसत नाहीं. पिंगुळीच्या चित्रकथींतही पात्रांचीं ठरलेलीं वळणें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलीं दिसतात. तेथें कोणी 'हें तुझें कीं आज्याचें?' असें विचारीत नाहीं.

कलकत्त्याच्या कलाशाळेवर १८९६ सालीं आलेल्या हॅवेल ह्यांनीं पाश्चात्य चित्रांचा कित्ता बाजूस सारून हिंदी कलेचे नमुने विद्यार्थ्यांपुढें ठेविले. त्यांचा आक्षेप सर्वस्वीं खोटा होता असें मी म्हणणार नाहीं. परक्या देशांतील मूर्तीचें नाक कां सरळ, हें न सांगतां तें नाक वर्षानुवर्षें काढावयास लावणें हें शिक्षण नव्हे. परंतु औषध कडू लागलें म्हणून वैद्यकच टाकावें काय? हॅवेल ह्यांनीं कित्ता बदलला, कित्ता गिरविणें बंद केलें नाहीं. दोष कित्ता कोणाचा ह्यांत नसून तो कोठें सोडावा हें न कळण्यांत आहे. येथें सावंतवाडीचेच सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) आठवतात. त्यांचें शिक्षण जे. जे. मधलें, म्हणजे पक्कें पाश्चात्य वळणाचें. परंतु म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत असलेलें त्यांचें दिवा घेतलेल्या स्त्रीचें चित्र पहा. हाताच्या आडोशानें झांकलेल्या ज्योतीचा उजेड बोटांतून आरपार लाल दिसतो. आणि हें तैलरंगांत नव्हे, जलरंगांत! प्रकाश कसा बांधावा हें शाळेनें शिकविलें. कोणता प्रकाश बांधावा हें घरानें सांगितलें.

कित्त्याची सीमा हीच. तो रचना शिकवितो, निवड शिकवीत नाहीं. दाव्हिदनें पुस्तकांत नसलेली शपथ शोधली. मला ती आयती मिळाली. म्हणून माझें चित्र पुरें झाल्यावर मीं छाप कपाटांत ठेविला, आणि ह्या गांवचाच एक प्रसंग मनाशीं रचूं लागलों. १९३० च्या मे महिन्यांत येथल्या मिठागरांतून मीठ उचलून सत्याग्रह्यांनीं कायदा मोडला. इतिहासचित्रास ह्याहून योग्य विषय कोणता? पण दाव्हिदची नक्कल करावयाची तर सत्याग्रह्यांचे हात आकाशाकडे ताणावे लागतील, आणि तें साफ खोटें होईल. मीठ उचलणारा माणूस वांकलेला असतो. मिठागरांत कमानी नाहींत. आडव्या बांधांनीं तुकडे पाडलेली सपाट भूमि आणि डोळे दिपविणारें पांढरेपण आहे. तेथें नजर एका मुठीकडे नेणारी फरशी नाहीं. चित्रकारास ती बांधांच्या रेघांतून शोधावी लागेल.

मात्र दाव्हिदचा कित्ता ज्यानें खरोखर गिरविला असेल, त्याला हात ताणण्याची गरजच वाटणार नाहीं. तो भडक रंगाआधीं भिंत दबवील. आणि उजवा कोपरा विसरणार नाहीं. त्या मे महिन्यांत वांकलेल्या प्रत्येक पाठीमागें कोठें तरी एक घर होतें, दार होतें, दारांत कोणी तरी उभें होतें. आईच्या बोटांच्या फटींतून पाहणारें एखादें मूलही तेथें असेल. तें काय पाहत होतें आणि पुढें त्यानें काय केलें, हें दाखविल्यावांचून तें चित्र पुरें होणार नाहीं. माझ्या हातून तें होईल असा माझा दावा नाहीं. परंतु तें चित्र कसें असावें हें आज मला थोडेंबहुत दिसूं लागलें आहे, आणि तें दिसूं लागलें तें एका परक्या चित्राचा नखाएवढा कोपरा तीनदां खरवडून काढला तेव्हां.